लसीकरणाच्या दिवशी खुबाही तपासा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत आता घरी बाळंतपण होणे अपवादानेच घडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात सुमारे ९५ टक्के प्रसूती दवाखान्यांत होतात आणि पश्चिम महाराष्ट्र यात मागे नाही. म्हणजे इथे जन्मलेले जवळपास प्रत्येक मूल पहिल्या दोन-तीन दिवसांतच परिचारिका आणि डॉक्टरांच्या हाताखालून जाते. त्याचे वजन होते, बीसीजी आणि कावीळ-बची लस टोचली जाते, पोलिओचे थेंब पाजले जातात. टाळू फाटलेला नाही ना, पाठीवर गाठ नाही ना, पावले आत वळलेली नाहीत ना, हे पाहिले जाते. त्याच वेळी लंगोट सोडून, दोन्ही गुडघे दुमडून, मांड्या अलगद बाजूला उघडून खुब्याचे सांधे तपासायला फार तर दोन मिनिटे लागतात. ही दोन मिनिटे प्रत्येक बाळाच्या वाट्याला येत नाहीत आणि त्याची किंमत काही मुले जन्मभर मोजतात.

मांडीच्या हाडाचे गोल डोके आणि ते ज्यात बसते ती कमरेच्या हाडातली वाटी, मिळून खुब्याचा सांधा होतो. जन्मावेळी यातला बराच भाग हाड नसून मऊ कूर्चा असते. काही बाळांत ही वाटी उथळ असते, काहींत डोके वाटीत सैल असते आणि दाबले की बाहेर सरकते, तर काहींत ते जन्मापासूनच वाटीबाहेर असते. या साऱ्या प्रकारांना मिळून डॉक्टर ‘डीडीएच’ म्हणतात. खुब्याची वाढ नीट न होणे, असा त्याचा साधा अर्थ. पूर्ण निखळलेला खुबा साधारण हजारात एक-दोन बाळांत आढळतो. उथळ आणि सैल सांधे धरले तर हा आकडा बराच वाढतो. नेमका किती, हे कशाने तपासता आणि कोणत्या वयात तपासता यावर ठरते.

वाटीला खोली येते ती आत बसलेल्या डोक्यामुळे. भिजवलेल्या कणकेत अंगठा दाबून धरला तर खळगा राहतो, काढून घेतला की कणीक पुन्हा सपाट होते, तसेच इथे होते. डोके जागेवर असेल तर पहिल्या काही महिन्यांत वाटी त्याच्याभोवती घडत जाते. ते बाहेर राहिले तर वाटी उथळच राहते, तिच्यात चरबी आणि तंतूंची भर पडते, स्नायू आखडतात, आणि पुढे डोके जागेवर आणायचे म्हटले तरी तिथे जागा उरलेली नसते. या दुखण्याच्या बाबतीत काळाला जे महत्त्व आहे ते एवढ्यासाठी.

पहिल्या सहा महिन्यांत निदान झाले तर बहुतेक बाळांना एक कापडी पट्टा पुरतो. चेक अस्थितज्ज्ञ आर्नोल्ड पावलिक यांनी तो १९४० च्या दशकात तयार केला आणि त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. खांद्यावरून दोन पट्टे, छातीभोवती एक आणि पायात रिकिबीसारखे फासे, एवढीच त्याची रचना. बाळाचे पाय दुमडलेले आणि उघडे राहतात, पण त्याला लाथा झाडता येतात, आईला पाजता येते, मांडीवर घेता येते. साधारण सहा ते बारा आठवडे हा पट्टा आणि मधूनमधून तपासणी, एवढ्यावर बहुसंख्य सांधे जागेवर येतात. तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच बांधायचा. पाय जबरदस्तीने जास्त फाकवले तर मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटतो, म्हणून बाजारातून आणून घरच्या घरी बांधायची ही वस्तू नाही. दोन-दोन लंगोट एकावर एक बांधण्याचा जुना सल्ला आजही कुठे कुठे दिला जातो. त्याने खुबा बसत नाही, उपचाराचे मोलाचे आठवडे मात्र निघून जातात.

सहा महिन्यांनंतर भूल देऊन सांधा बसवावा लागतो आणि कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर घालावे लागते. दीड वर्षाच्या पुढे बहुधा सांधा उघडून शस्त्रक्रिया, कमरेचे हाड कापून वाटीची दिशा बदलणे, कधी मांडीचे हाड आखूड करणे. टोरांटोचे रॉबर्ट साल्टर यांनी १९६१ साली मांडलेली हाड कापण्याची पद्धत आजही जगभर वापरली जाते आणि आपल्याकडचे बालअस्थितज्ज्ञही ती कौशल्याने करतात. पण ती मोठी शस्त्रक्रिया आहे आणि तिच्यानंतरही सांधा पूर्ण निर्दोष होईलच अशी खात्री कोणी देत नाही. जिचे निदान झालेच नाही ती मुलगी लंगडत वाढते. वयाच्या तिशी-चाळिशीत तिचा सांधा झिजतो, कंबर धरते, उकिडवे बसता येत नाही, आणि ज्या भागात भांगलण, काढणी, जनावरांचे शेण-पाणी हे सारे बाईच्या अंगावर आहे तिथे याचा अर्थ काय होतो ते वेगळे सांगायला नको.

इतके असूनही हे दुखणे वेळेवर का सापडत नाही? ते दिसत नाही आणि दुखत नाही, म्हणून. २०१३ च्या फेब्रुवारीत पालघर इथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ज्या नऊ जन्मजात दोषांचा शोध घ्यायचा असे ठरले, त्यांत खुब्याच्या या दोषाचे नाव पहिल्या दिवसापासून आहे. त्याच यादीत फाटलेला ओठ आहे, वाकडे पाऊल आहे. ते घरातली आजीही पाहताक्षणी ओळखते आणि त्याच आठवड्यात मुलाला घेऊन दवाखाना गाठते. खुबा निखळलेले बाळ मात्र गुटगुटीत दिसते, दूध पिते, हसते, वेळेवर मान धरते. पुढे उभे राहायच्या वयात ते एका पायाच्या चवड्यावर उभे राहते. चालायला लागले की एका बाजूला झुकते. दोन्ही खुबे निखळलेले असतील तर पोट पुढे काढून डुलत चालते. तोवर घरच्यांनी पायात काटा रुतलाय का पाहिलेले असते, तेल चोळलेले असते, ‘आपल्याकडे सगळीच पोरं उशिरा चालतात’ असे म्हणून झालेले असते. दीड वर्ष सहज निघून जाते. यात आईबापांना दोष देण्यासारखे काही नाही. जे डोळ्यांना दिसत नाही ते तपासण्याची जबाबदारी ज्यांना तपासता येते त्यांची आहे.

धोका कोणाला जास्त, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. मुलींना जास्त. दर पाच रुग्णांत साधारण चार मुली असतात. पहिलटकरणीच्या बाळाला, गर्भजल कमी असलेल्या बाळाला, आई, बाप किंवा भावंडाला हाच त्रास असलेल्या बाळाला, आणि सर्वांत ठळकपणे पोटात पायाळू असलेल्या बाळाला. उजव्यापेक्षा डावा खुबा अधिक वेळा बिघडतो. मान एका बाजूला आखडलेली असेल किंवा पावलात दोष असेल तर खुबाही आवर्जून पाहायचा असतो.

पायाळू माणूस आपल्या गावांना चांगला ठाऊक असतो. कमरेत उसण भरली की त्याला शोधून आणतात आणि पाठीवरून त्याचा पाय फिरवून घेतात. त्याच्यावर वीज पडते असे मानणारे आहेत, त्याला जमिनीतले पाणी किंवा धन दिसते असे मानणारेही आहेत. या समजुतींत तथ्य नाही, पण त्यांच्यामुळे एक उपयोगाची गोष्ट टिकून राहिली आहे. घरात कोण पायाळू जन्मले हे कुटुंब विसरत नाही, आणि आशाताईने विचारले तर लगेच उत्तर मिळते. अडचण नव्या काळाने आणली आहे. आज पायाळू बाळ बहुतेक वेळा सिझरने जन्मते. बाळ सुखरूप बाहेर आले, म्हणजे पायाळूपणाचा विषय संपला असे घरच्यांना वाटते आणि पुष्कळदा दवाखान्यालाही वाटते. धोका मात्र प्रसूतीच्या वाटेपुरता नसतो. गर्भाशयात अखेरचे महिने पाय ज्या स्थितीत अडकून राहिले त्यातून खुब्यावर ताण आलेला असतो, आणि तो सिझरने पुसला जात नाही. डिस्चार्ज कार्डावर ‘सिझर’ हा शब्द असतो. त्याच्या शेजारी ‘पायाळू, सहाव्या आठवड्यात खुब्याची सोनोग्राफी’ एवढी ओळ असायला हवी.

दर पाचांत चार मुली, या गोष्टीवर या दोन जिल्ह्यांत तरी थोडे थांबून विचार करायला हवा. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्हा परिषदेने ‘नकुसा’ नाव असलेल्या २८५ मुलींचे नव्याने बारसे केले. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळजवळ जमिनीत पुरलेले १९ भ्रूण सापडले. २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली ९०० सुद्धा नव्हत्या. गेल्या काही वर्षांत पुष्कळ बदलले आहे, पुष्कळांनी ते जिवापाड मेहनतीने बदलले आहे. तरीही तिसरी मुलगी लंगडते तेव्हा तिला मिरज-कराडला न्यायला घरातून कितपत घाई होते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. म्हणून या दुखण्याचा शोध कुटुंबाच्या उत्साहावर सोपवून चालणार नाही. मुलगी असो वा मुलगा, प्रत्येक बाळाला ठरलेल्या वयात ठरलेली तपासणी व्यवस्थेनेच दिली पाहिजे. असे झाले तर मुलीला कोणाच्या मर्जीवर राहावे लागत नाही.

आता तपासणीकडे. १९३० च्या दशकात इटलीतल्या फेरारा इथले बालरोगतज्ज्ञ मारिनो ऑर्तोलानी यांच्याकडे एक आई आपले पाच महिन्यांचे बाळ घेऊन आली. बाळाला धुताना त्याच्या खुब्यात काहीतरी खटकन होते, असे तिने सांगितले. ऑर्तोलानी यांनी ते हाताने अनुभवले, पुढे कित्येक बाळांत पडताळले आणि १९३७ मध्ये लिहून ठेवले. बाळ उताणे, पोट भरलेले, शांत आणि उबदार असावे. रडणाऱ्या, पाय ताठ करणाऱ्या बाळाचा खुबा तपासून काहीही कळत नाही. एका हाताने कंबर स्थिर धरायची आणि एका वेळी एकच खुबा पाहायचा. गुडघा दुमडून मांडी सरळ वर धरायची, अंगठा मांडीच्या आतल्या बाजूला, मधली बोटे बाहेरच्या उंचवट्यावर. मांडी हळूच बाहेर उघडत बोटांनी उंचवटा वर उचलायचा. डोके बाहेर असेल आणि आत यायला तयार असेल तर ते वाटीत येताना हाताला स्पष्ट धक्का जाणवतो. कानाला ऐकू येण्यापेक्षा तो बोटांना कळतो. गुडघ्यातून किंवा खुब्यातून येणारी बारीक ‘टिक’ वेगळी, ती बहुतेक निरुपद्रवी असते. सॅलफर्डचे टी. जी. बार्लो यांनी १९६२ मध्ये याची उलट बाजू मांडली. मांडी आत घेऊन मागे हलका दाब दिला तर सैल डोके वाटीबाहेर सरकते का, ते यात पाहतात. दोन्ही तपासण्या हलक्या हाताने आणि मोजक्या वेळा करायच्या. एकाच बाळावर पाच शिकाऊ हातांनी पाळीपाळीने बार्लो करणे हे शिक्षण नव्हे, त्याने चांगला सांधाही सैल होऊ शकतो.

बार्लो यांच्याच निरीक्षणांतून आणखी एक गोष्ट पुढे आली आणि आजच्या सगळ्या वादाचे मूळ तिच्यात आहे. जन्मतः सैल असलेल्या खुब्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक पहिल्या आठवड्यात आणि जवळपास अठ्ठ्याऐंशी टक्के दोन महिन्यांत आपोआप घट्ट होतात. म्हणजे पहिल्या दिवशी सापडलेल्या प्रत्येक सैल सांध्याला पट्टा बांधला तर दहापैकी आठ-नऊ बाळांना तो विनाकारण बांधला जाईल. उलट, पहिल्या दिवशी नीट वाटलेला सांधा पुढे बिघडू शकतो. दोन-तीन महिन्यांनंतर तर हा धक्का लागणेच बंद होते, कारण तोवर स्नायू आखडलेले असतात. मग दुसऱ्या खुणा पाहायच्या असतात. एक मांडी दुसरीपेक्षा कमी उघडते का, गुडघे दुमडून पावले टेकवली की एक गुडघा खाली दिसतो का. दोन्ही बाजू बिघडलेल्या असतील तर उजवे-डावे सारखेच दिसते आणि ही तुलनाही फसते. तिथे ‘मांड्या पुरेशा उघडतात का’ एवढाच प्रश्न उरतो. एकाच दिवसाच्या तपासणीवर कोणी विसंबू नये ते यामुळे.

सोनोग्राफी इथे कामाला येते. पहिल्या महिन्यांत खुब्याचे डोके कूर्चेचे असल्याने एक्स-रेमध्ये ते उमटतच नाही. त्यात हाडाचे केंद्र तयार व्हायला साधारण चार ते सहा महिने लागतात आणि तिथून पुढे एक्स-रे उपयोगी ठरतो. त्याआधीच्या काळासाठी ऑस्ट्रियातले अस्थितज्ज्ञ राइनहार्ड ग्राफ यांनी १९८० मध्ये सोनोग्राफीची पद्धत दिली. बाळाला कुशीवर ठेवून खुब्याच्या बाहेरून सपाट प्रोब धरतात, वाटीचा ठरलेला छेद पडद्यावर आणतात आणि हाडाच्या छताचा कोन मोजतात. तो साठ अंश किंवा जास्त असेल तर सांधा परिपक्व. यात किरणोत्सर्ग नाही, सुई नाही, भूल नाही. मात्र प्रोब थोडा तिरका झाला की कोन बदलतो, चांगला सांधा वाईट दिसतो किंवा वाईट सांधा चांगला. म्हणून हे काम पोटाच्या सोनोग्राफीसारखे कोणीही, कधीही करून चालत नाही. शिकलेला आणि रोजच्या सरावातला हात लागतो.

मग प्रत्येकच बाळाची सोनोग्राफी का करू नये? ऑस्ट्रियाने आणि जर्मनीने १९९० च्या दशकात तेच केले. या वाटेने मंगोलियाही गेला आहे. पण नॉर्वेतल्या बर्गन इथल्या एका अभ्यासाने सावध केले. १९८८ ते १९९० या काळात जन्मलेल्या ११,९२५ बाळांचे तीन गट पाडले गेले. पहिल्या गटात सर्वांची सोनोग्राफी, दुसऱ्यात फक्त धोका असलेल्यांची, तिसऱ्यात फक्त हाताने तपासणी. उपचार मिळालेल्या बाळांचे प्रमाण अनुक्रमे ३.४, २.० आणि १.८ टक्के निघाले. उशिरा सापडलेल्या रुग्णांचे प्रमाण दर हजारी ०.३, ०.७ आणि १.३ इतके होते. सरसकट सोनोग्राफीने उशिराचे रुग्ण घटल्यासारखे दिसले, पण संख्या इतकी लहान होती की फरक निर्णायक म्हणता आला नाही. उपचार मात्र जवळपास दुपटीने वाढले. दुसऱ्या बाजूने इंग्लंडचा अनुभव असा की, दशकानुदशके हाताची तपासणी आणि निवडक सोनोग्राफी चालू असूनही तिथे वर्षाच्या पुढे सापडणारी मुले संपलेली नाहीत. कुठलीच पद्धत पूर्ण नाही. पण आपल्यासमोरची निवड या दोन पद्धतींमधली नाही. आपल्याकडे अजून पहिली पायरीच सगळीकडे भक्कम झालेली नाही, आणि ती भक्कम करण्याऐवजी थेट प्रत्येक बाळाच्या सोनोग्राफीची घोषणा केली तर जतच्या बाळाला दोन्हींपैकी काहीच मिळणार नाही, असे आमचे मत आहे.

सोनोग्राफीच्या यंत्राचा या भागातला इतिहासही लक्षात घ्यावा लागतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा कायदा १९९४ चा. यंत्राची नोंदणी, ते कुठे ठेवायचे, कोणी वापरायचे, हलवायचे असेल तर कोणत्या अटींवर, हे सारे कायद्याने बांधलेले आहे. म्हैसाळनंतर तरी ही बंधने सैल करा असे कोणी म्हणू नये. त्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की यंत्र पाठीवर टाकून वाडीवस्तीवर नेता येणार नाही, बाळाला यंत्रापाशी आणावे लागेल. त्यासाठी बाळ निवडून, दिवस ठरवून, चिठ्ठी देऊन पाठवावे लागेल. सहाव्या आठवड्याच्या बाळाला घेऊन जतच्या पूर्व भागातून मिरजेला किंवा कोयनेच्या जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यातून लाँचने, मग एसटीने साताऱ्याला येणाऱ्या बाईला ‘आज डॉक्टर नाहीत, पुढच्या बुधवारी या’ असे सांगितले गेले तर ती पुन्हा येणार नाही, आणि तिचे चुकले असे म्हणता येणार नाही.

सोयी आपल्याकडे आहेत. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभे केले तेव्हापासून कर्नाटकापासूनचे रुग्ण या गावाकडे येत आले आहेत. आज मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सांगलीत भारती विद्यापीठाचे आहे, कराडात कृष्णा आहे, साताऱ्यातही शासकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. प्रत्येक ठिकाणी बालरोग, अस्थिरोग आणि क्ष-किरण विभाग आहेत. या संस्थांनी आठवड्यातला एक वार ‘खुब्याचा वार’ म्हणून जाहीर करावा. त्या दिवशी ग्राफ पद्धत शिकलेला सोनोलॉजिस्ट, बालअस्थितज्ज्ञ आणि पट्टा बांधून आईला शिकवणारी परिचारिका एकाच मजल्यावर असावेत. बाळ तपासले, गरज असेल तर त्याच दिवशी पट्टा बांधला, पुढची तारीख दिली, असे झाले तर खेपा वाचतील.

बाकीची चौकट नव्याने शोधायची गरज नाही. २०२२ मध्ये बालअस्थितज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, नवजातशिशुतज्ज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्या राष्ट्रीय संघटनांनी मिळून ‘इंडियन पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात भारतासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. मुंबईच्या वाडिया रुग्णालयातील डॉ. अलारिक अरूजिस हे त्यांच्या लेखकांत अग्रभागी आहेत. त्यांचा गाभा अगदी सोपा आहे. जन्मल्यावर तपासा आणि चालायला लागेपर्यंत लसीकरणाच्या खेपांना खुबा पुन्हा पाहा. तपासणीत शंका असेल किंवा बाळ धोक्याच्या गटातले असेल तर साधारण सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी करा. लसीकरणाशी सांगड घालण्याची ही कल्पना आम्हाला सर्वांत मोलाची वाटते, कारण आपल्या ग्रामीण आरोग्यव्यवस्थेत लोकांनी मनापासून आपले मानलेले काही असेल तर ते लसीकरण. सहा, दहा, चौदा आठवडे, नऊ महिने, सोळा महिने या तारखा आयांना पाठ असतात. अंगणवाडीच्या पडवीत त्या दिवशी बाळे ओळीने आलेली असतात, मांडीला इंजेक्शन द्यायचे म्हणून लंगोट सुटलेलाच असतो. सुईच्या आधी, बाळ अजून शांत असताना, मांड्या उघडून पाहायच्या आणि कार्डावर तारखेसह नोंदवायचे, एवढेच काम वाढते.

कोणी काय करायचे, यात मात्र स्पष्टता हवी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातली प्रशिक्षित बाई नवजात बाळाचे आजार ओळखू आणि हाताळू शकते हे दाखवून दिले. त्यांचे काम १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि पुढे आशाताईंच्या गृहभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यातून उभा राहिला. आज आशा पहिल्या सहा आठवड्यांत सहा वेळा घरी जाते. तिने ऑर्तोलानी करावे अशी अपेक्षा धरणे चुकीचे आणि बाळासाठी धोक्याचे आहे. तिने विचारावे: पायाळू होते का, घरात कोणाचा खुबा जन्मापासून वाईट आहे का. लंगोट बदलताना एक मांडी अडते का, हे आईला विचारावे. हाताची तपासणी परिचारिका, समुदाय आरोग्य अधिकारी आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांनी करावी, आणि ती चित्रफीत दाखवून शिकवता येत नाही. प्रशिक्षणासाठीचा बाहुला हातात द्यावा लागतो, आणि खरा निखळलेला खुबा एकदा तरी बोटांना लागावा लागतो. जिल्ह्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रातून दोघांना आळीपाळीने ‘खुब्याच्या वारा’ला पाठवले तर वर्षभरात हे साधेल.

घरातल्या सवयींचा भाग सांगायचा राहतो. बाळाला दुपट्यात पाय सरळ ताणून घट्ट बांधणे खुब्याला वाईट. जगात ज्या समाजांत तशी रीत आहे तिथे हे दुखणे जास्त आढळते. छाती-हात गुंडाळायला हरकत नाही, पण मांड्या मोकळ्या आणि दुमडलेल्या राहाव्यात. मालीश करताना पाय जोराने सरळ ओढणे, दोन्ही पाय धरून बाळाला उलटे टांगणे हे बंद व्हायला हवे, आणि ते न्हाऊ घालणाऱ्या मावशींना मानाने बोलावून, दाखवून सांगायला हवे. मावशी तीन महिने रोज बाळाच्या मांड्या उघडतात. एक पाय अडतोय हे डॉक्टरच्या आधी त्यांच्या हाताला कळते, त्यांनी ते आईला बोलून दाखवावे. याउलट आपली कडेवर घेण्याची रीत खुब्यासाठी उत्तम. मान धरलेले बाळ कमरेवर पाय फाकवून बसते तेव्हा डोके वाटीत नीट बसते. प्लास्टिकच्या अरुंद पिशवीवजा कॅरियरमध्ये पाय लोंबकळत ठेवण्यापेक्षा ते कितीतरी चांगले.

राहता राहिला ऊसतोडीचा प्रश्न. दर हंगामात मराठवाड्यातून, आणि जतसारख्या दुष्काळी तालुक्यांतूनही, कुटुंबे कोयता घेऊन कृष्णाकाठच्या फडांत उतरतात. दिवाळीच्या सुमारास जन्मलेले बाळ सहाव्या आठवड्यात कारखान्याच्या कोपीत असते. गावच्या यादीत त्याचे नाव असते पण बाळ नसते, कोपीवर बाळ असते पण यादीत नाव नसते. हंगाम संपून घरी परतेपर्यंत ते पाच-सहा महिन्यांचे होते, म्हणजे पट्ट्याचा काळ सरत आलेला असतो. कारखान्याच्या गाळपासोबत लसीकरणाची सत्रे तळांवर ठेवली जातात तिथे खुब्याची तपासणीही त्याच सत्रात व्हावी, आणि सोनोग्राफीला पाठवायचे बाळ सापडले तर मुकादमाच्या उचलीत त्या दिवसाची खाडे-कपात होऊ नये, एवढी हमी कारखाना आणि जिल्हा परिषदेने मिळून द्यावी. दोन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य विभागांनी दर सहामाहीला तीन आकडे जाहीर करावेत: किती बाळांचे खुबे तपासले, किती सोनोग्राफीला पाठवले, आणि वर्षाच्या पुढे निदान झालेली किती मुले सापडली. तिसऱ्या आकड्यातल्या प्रत्येक मुलाचे लसीकरण कार्ड काढून, कोणत्या तारखेला ते कोणासमोर आले होते आणि तेव्हा तपासणी का राहिली, हे त्या तालुक्याच्या मासिक बैठकीत विचारले जावे.